आबाजींच्या माथी

कर्जत, ता. ३ नोव्हेंबर १९४४

सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

तुला खालापुरास जाऊन दोन महिने झाले. मध्यंतरी पत्र लिहिणे झाले नाही, त्याचे कारण शाळेतील काम. तुझे बंधू दत्तोपंत कचेरीच्या कामानिमित्त इकडे आले होते. त्यांच्याबरोबर चिमाची लोकरीची बंडी आणि पायमोजे पाठवले आहेत.

माझे सर्व ठीक आहे. शाळा नियमित चालू आहे. जेवणखाण वेळच्या वेळी होते. शेजारच्या अंबाबाई अधूनमधून डोकावतात.

चिमाला काही फरक वाटतो का? मागून हाक मारली तर वळते का? भांडे पडले तर दचकते का? कळव. कळवले नाहीस तरी माझी तक्रार नाही.

निघताना तू विचारलेस, "तुम्हाला आपल्या पोरीकडे बघवतसुद्धा नाही का?" आणि मी "नाही" म्हणालो. तू त्याचा जो अर्थ घेतलास तो नव्हता. कोणता होता ते पुढे केव्हातरी लिहीन.

आणखी एक. आबाजीकाकांवर एवढा राग धरू नयेस असे मला वाटते. आषाढात चिमाला ताप भरला तेव्हा तू वहिनींच्या बाळंतपणासाठी खालापुरास होतीस. मी दहिवलीस आबाजींना बोलवायला गेलो. "साधा ताप आहे, उद्या बघू," असे ते म्हणाले, आणि त्यात दोन दिवस गेले. ताप उतरला पण मुलीचे कान गेले. हे सगळे जसे घडले तसे घडले. परंतु वैद्य झाला तरी माणूसच. तुझे वडील गेल्यावर त्यांनी तुला आपली मुलगी मानले, कन्यादान केले. त्यांच्या ओटीवर रोग्यांदेखत तू जे बोललीस, ते बोलायला नको होतेस.

याउपर तुझी मर्जी.

हरी


कर्जत, ता. २६ नोव्हेंबर १९४४

सौ. प्रमोदिनीस आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. आबाजींचं नाव पुन्हा पत्रात आलं तर पत्र न वाचता परत पाठवीन असं लिहिलंस. तरी या पत्रात ते येणार आहे. परत पाठवायचं असेल तर पाठव. मी लिहिलं होतं एवढं तरी होईल.

शाळा नियमित चालू आहे असं मी कळवलं होतं. शाळा चालू आहे. मी जात नाही. दसऱ्यापासून गेलेलो नाही. दत्तोपंतांना ते बाजारात कुणीतरी सांगितलं, आणि त्यांच्याकडून तुला कळलं. आधी हेडमास्तरांनी माणूस पाठवला, मग स्वतः येऊन गेले. दारात उभं राहून म्हणाले, "हरिभाऊ, बरं नाही का?" मी म्हणालो, "पोट दुखतं." पोट दुखत नव्हतं. पण पोट दुखतं म्हटलं की माणसं मान डोलावतात. दुसरं जे आहे ते सांगायला मला शब्द माहीत नाही. तिसरीच्या मुलांना मी समानार्थी शब्द शिकवतो, आणि मला स्वतःसाठी एक सापडत नाही.

तू दोन वर्षं विचारत राहिलीस, "काय झालंय? कुणी काही बोललं का? माझं काही चुकलं का?" काही झालं नव्हतं. कुणी बोललं नव्हतं. तीच तर लाज आहे. घरात कुणी गेलं असतं, घर जळालं असतं, तर मी बसून राहिलो याला काही अर्थ होता. भरल्या घरात, चांगली बायको, बोबडं बोलणारी मुलगी, आणि मी आढ्याकडे बघत पडलेला. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आता पाय खाली टाकायचा. त्या एका विचारात दहा वाजायचे.

तू चहा ठेवायचीस, त्यावर साय धरायची. तू न बोलता तो उचलून दुसरा करून आणायचीस. दुसऱ्यावरही धरायची. तिसरा तू कधी केला नाहीस, स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस. मला ते दिसायचं. प्रमोदिनी, मला सगळं दिसायचं. आपल्याकडे गप्पांना येणारी माणसं एकेक करून यायची थांबली. तू वाती वळताना गुणगुणायचीस, ते थांबलं. वहिनी तुला म्हणाल्या होत्या की नवऱ्याचं मन रमवणं बायकोच्या हातात असतं. ते तू मला भांडणात सांगितलंस, आणि मी कूस बदलली. त्या वेळी एवढं तरी म्हणायला हवं होतं की नाही, तुझ्या हातात नाही. एवढं मला म्हणता आलं नाही.

आबाजींनी तुझ्या सांगण्यावरून दिलेला काढा मी मोरीत ओतत होतो. रोज. तू वेळ चुकू नये म्हणून भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होतीस, आणि मी मोरीत ओतत होतो.

आता आबाजींचं. ते रोज दुपार कलली की येतात. तू त्यांना जे जे बोललीस त्यानंतर आपल्या आळीतलं कुणी त्यांच्याकडे औषधाला जात नाही. म्हातारा आता हलगर्जी झाला म्हणतात. तोच म्हातारा काठी टेकत दहिवलीहून माझ्याकडे येतो. पहिल्या दिवशी आले आणि म्हणाले, "हरी, ऊठ, विहिरीवर चल." मी म्हटलं, "नको काका." ते म्हणाले, "मग मी बसतो," आणि बसले. सूर्य उतरायला लागला तेव्हा मलाच लाज वाटली आणि उठलो. त्यांनी रहाट ओढला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, लहान मुलाच्या ओततात तसं. अठरा दिवसांनी आंघोळ झाली.

अंबाबाई भाकरी आणून ठेवते. वेळच्या वेळी जेवतो हे मी लिहिलं होतं तेही खरं नव्हतं. काल तिने ताटलीत तशीच भाकरी बघितली आणि ओरडली, "मास्तर, आवो रोज वाळून जाती ती! कुत्र्याला घालायला मी रांदते काय? सांगा की नगं हाय म्हून, मंग नाय आनायची." मी म्हटलं, "उद्यापासून खाईन." ती म्हणाली, "तुमचं उद्या लई झालं."

चिमा पायमोजे घालते का?

हरी


कर्जत, ता. १७ डिसेंबर १९४४

सौ. प्रमोदिनीस.

आशीर्वाद हा शब्द लिहिला होता आणि खोडला. ज्याचा आशीर्वाद लागायचा तो माणूस वेगळा असतो.

पत्र परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. म्हणजे वाचलंस असं मी धरतो.

आबाजींनी काल मला एक सांगितलं. त्यांना धाकटा भाऊ होता, तुला माहीत होतं का? मला नव्हतं. आनंदीकाकूंनाही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं म्हणे. तो विशीत असा बसू लागला. शेतावर जाईना, जेवेना, बोलेना. वडिलांनी आळशी ठरवला, मांत्रिकाने भूत ठरवलं. "आणि मी वैद्यकी शिकत होतो," आबाजी म्हणाले. "मी त्याला म्हणालो, तुझ्यामुळे आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही, काहीतरी लाज धर. त्याने ती धरली. दुसऱ्या दिवशी पळसदरीकडे गेला, तो परत आला नाही." मग म्हणाले, "लाज हे औषध नव्हे, हरी. ती ज्याला द्यायची त्याच्याजवळ आधीच फार असते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्याचं कारण तुला कळलं पाहिजे.

जुलैमध्ये मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चिमाला ताप किती आहे ते मी नीट सांगितलं नव्हतं. सर्दी आहे, अंग गरम आहे, एवढंच म्हणालो. म्हणून ते उद्या बघू म्हणाले. तेव्हा चूक त्यांची थोडी, माझी जास्त. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू ते मनावर घे आणि एकदा त्यांना भेटून जा.

सांगून टाकलं. आता जरा बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

हरी


कर्जत, ता. ९ जानेवारी १९४५

प्रमोदिनी,

शनिवारपासून तीन दिवस आबाजी आले नाहीत. मी दारात उभा राहून वाट बघितली. आज सकाळी निघालो आणि दहिवलीला गेलो. आपल्या दारापासून त्यांच्या ओटीपर्यंत वीस मिनिटं लागली. वाटेतल्या ओढ्यात घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं, जुलैत गुडघाभर असतं एवढाच फरक.

जुलैत मी ती वाट चाललोच नव्हतो.

मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं. तीन नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलं तेही खोटं. मी आबाजींकडे गेलो नाही. ताप कमी सांगितला असं नाही, काही सांगितलंच नाही. "उद्या बघू" हे शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत.

तू सोमवारी गेलीस. मंगळवारी चिमाला कसकस होती. बुधवारी सकाळी अंबाबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मास्तर, पोरीचं आंग चटका देतंय. तुमी वैद्याला घिऊन या, मी बसते हितं." मी म्हटलं, "जातो." कोट घातला. छत्री घेतली. पुढचं दार लोटून पडवीच्या पायरीवर आलो आणि टेकलो. बाहेर पाऊस कोसळत होता, पण पावसाची मला भीती नव्हती. मला फक्त पायरी उतरायची होती. मी स्वतःला म्हणत होतो, ऊठ, तुझी मुलगी आहे. ते मला ऐकू येत होतं, पण दुसऱ्या कुणाला तरी कुणीतरी सांगतंय तसं. पाऊण तास मी तिथे छत्री मांडीवर घेऊन बसलो. आतून चिमा एकदा म्हणाली, "बाबा, डोकं." मग आत गेलो आणि अंबाबाईला म्हणालो, "आबाजी म्हणाले, साधा ताप आहे, उद्या बघू." गेल्या दोन वर्षांत एवढं सरळ, न अडखळता बोललेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

गुरुवारी तेच. गुरुवारी मी कोटही घातला नाही.

शुक्रवारी सकाळी तिची मान ताठ झाली आणि डोळे फिरले. अंबाबाईचा नवरा धावत दहिवलीला गेला. आबाजी पूजेतून उठून तसेच ओल्या पंचाने आले. आत येताच विचारलं, "केव्हापासून आहे?" अंबाबाई म्हणाली, "परवापास्नं. तुमीच म्हनलात न्हवं, उद्या बगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. बस, एवढाच वेळ गेला, चिमाच्या दोन श्वासांएवढा. मग ते म्हणाले, "हो. म्हणालो असेन." आणि सहाणेवर मात्रा उगाळायला बसले.

पुढचं तुला माहीत आहे. शुक्रवारीच निरोप गेला आणि तू आलीस, सरकारी डॉक्टर आले, बारा दिवसांनी ताप उतरला. तू आबाजींच्या ओटीवर जाऊन बोललीस, "काका, माझ्या जागी तुमची पोटची मुलगी असती तर उद्या बघू म्हणाला असतात?" मी तुझ्यामागे चार पावलांवर उभा होतो. ते म्हणाले, "चुकलं, पोरी." मी तेव्हाही काही बोललो नाही.

आता कळलं असेल, चिमाकडे मला का बघवत नव्हतं. ती बहिरी झाली म्हणून नाही. ती ज्या बाजूला असेल त्या बाजूला मला तो पावसाचा आवाज येतो. तुला वाटलं, मुलीत खोट आली म्हणून बापाचं मन उतरलं. ते तू खरं मानलंस आणि तिला घेऊन गेलीस. मी तसं मानू दिलं, कारण तो दोष या दोषापेक्षा लहान होता.

मी आबाजींना नोव्हेंबरात विचारलं होतं, काका, तुम्ही का नाही बोललात? ते म्हणाले, "त्या वेळी तुझं नाव घेतलं असतं तर ती तुला सोडून गेली असती, आणि तू कुठे गेला असतास ते मला माहीत आहे. मी एकदा ते बघितलंय." मी म्हटलं, मी तिला लिहितो सगळं. ते म्हणाले, "लिही. पण तू लिहायचंस. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी लिही. ती सगळीकडे दोष शोधत फिरतेय, स्वतःतसुद्धा." आणि मग मी तुला डिसेंबरात ते अर्धं पत्र लिहिलं. त्यांनी विचारलं, लिहिलंस का? मी म्हटलं, हो.

शनिवारी सकाळी पूजेला बसलेले असताना ते कलंडले. उजवी बाजू गेली आहे. वाचा गेली आहे. माणूस ओळखतात. किती दिवस आहेत ते कुणी सांगत नाही. तू ये.

माझ्याकडे येऊ नकोस. त्यांच्याकडे ये.

ता. १७. हे पत्र आठ दिवस उशाशी पडून आहे. वरची ओळ "तू ये" अशी आहे आणि मी ते टाकलं नाही. रोज सकाळी आबाजींकडे जातो, त्यांना कुशीवर वळवतो, पाठ पुसतो. तेवढं होतं. तिथून परतताना पोस्ट लागतं आणि मी पुढे जातो. यालाही माझ्याजवळ कारण नाही. भीती आहे, पण ती कारण म्हणून पुढे करवत नाही.

आज मी अंबाबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती थुंकेल. ती निवडत होती ते सूप तिने खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय, मास्तर. तुमची छत्री कोरडी व्हती."

मी म्हटलं, "मग बोललीस का नाहीस?"

"तुमी मास्तर. आमी कुनाला सांगायचं? आन् वैद्यबाबाच हो म्हनले, मंग मी कोन? मला वाटलं, मोट्या मानसांचं कायतरी आसंल." मग तिने पदराला हात पुसले. "पर मी तवाच जायाला पायजे व्हतं. धन्याला बुधवारीच धाडाया पायजे व्हतं. ते माज्याबी जिवाला लागून हाय. तुमाला येकट्याला नाय." आणि हात पुढे केला. "आना ते पत्तर इकडं. धनी बाजाराला निगालेत, टाकतील पोष्टात. तुमच्या हातनं नाय व्हायचं."

म्हणून आता देतो आहे.

हरी


कर्जत, ता. ३० जानेवारी १९४५

प्रमोदिनी,

बुधवारी तू आलीस आणि गुरुवारी गेलीस. तू जे बोललीस ते मी विसरेन किंवा माझ्या सोयीने बदलेन, म्हणून लिहून पाठवतो. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

आधी दहिवलीचं. तू आत होतीस आणि मी मागच्या पडवीत, पण आतलं ऐकू येत होतं. तू त्यांच्या पायांवर डोकं ठेवून काका, काका म्हणत होतीस आणि आनंदीकाकू बोलायला लागल्या. सहा महिने त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. "या ओटीवर माणूस चढत नव्हतं, प्रमोदिनी. औषधाच्या बाटल्यांवर धूळ बसली. हे रोज सकाळी पुसायचे आणि बसायचे. मी म्हणायची, सांगा ना एकदा खरं. तर म्हणायचे, पोर संसारात आहे. ते तुला कधीच माफ करून बसलेत. मी नाही केलेलं. आज तरी नाही." तू म्हणालीस, "नका करू, काकू." मग त्या बाहेर आल्या आणि मी समोर होतो. माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि पाण्याची बादली माझ्या हातात दिली. मला वाटतं, मला एवढंच मिळण्याजोगं होतं.

आबाजींनी डाव्या हाताने चिमाला जवळ ओढलं, ते तू पाहिलंस. मी दारातून पाहिलं. आधी तिचं तोंड उजेडाकडे वळवून एक कान बघितला, मग दुसरा. मग जीभ दाखवायला लावली. वाचा गेलेला, अर्धा पडलेला म्हातारा, आणि रोगी समोर आल्यावर त्याने आपलं काम केलं. चिमा शहाण्यासारखी उभी राहिली. मी तिथून उठून विहिरीकडे गेलो.

आता आपल्या दारातलं. तू पायरीच्या खालीच उभी राहिलीस. म्हणालीस, "मी राहायला आलेली नाही."

मी म्हटलं, "हो."

तू म्हणालीस, "तुम्ही उठला नाहीत, याचा मला राग आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही. पण त्याहून दुसरा राग मोठा आहे. तुम्ही मला दोन वर्षं वाटू दिलंत की माझ्यात काही कमी आहे. आणि सहा महिने वाटू दिलंत की काकांनी माझ्या पोरीला मरायला टाकलं. मी त्यांना काय काय बोलले! ते शब्द आता मी कुठे घेऊन जाऊ?"

मी काही बोललो नाही. तू म्हणालीस, "गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याचा मला वीट आला आहे."

मी म्हटलं, "मला लाज वाटते."

तू म्हणालीस, "ती तुमच्यापाशी ठेवा. मला त्याचं काय करायचं?"

हे शब्द बरोबर आहेत ना? मला वाटतं, आहेत.

मग चिमा. ती तुझा हात सोडून पायऱ्या चढली. तुमच्याकडे ती आता बोलणाऱ्याच्या गळ्याला हात लावून बोलणं ओळखते, हे मला ठाऊक नव्हतं. तिने माझ्या गळ्यावर तळवा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी काहीच बोलेना. ती थांबली. हात जरा खाली सरकवून पुन्हा ठेवला, जणू तिचीच जागा चुकली असेल. मग तिने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. तू तिला काही सांगितलं नाहीस. तेव्हा मी "चिमा" म्हणालो. तिच्या बोटांना ते लागलं. ती हसली नाही, काही नाही, नुसती मान हलवली, बरोबर आहे अशी. मी पुन्हा म्हणालो. सहा महिन्यांत तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. तिचा पुढचा दात पडलेला आहे.

निघताना तू म्हणालीस ते असं. "तिला दर रविवारी बाप दिसला पाहिजे. तुम्ही खालापूरला यायचं. दादा काही बोलणार नाही, मी त्याला सांगेन. ज्या रविवारी उठता आलं नाही, त्या वेळी 'उठता आलं नाही' असंच लिहायचं. पोट दुखलं, शाळेत काम होतं, यातलं एक अक्षर लिहिलंत तर तुमचं पुढचं पत्र मी उघडणार नाही. तुम्ही आजारी आहात हे मला आता कळलंय. आजारी माणसाशी मी राहू शकते की नाही ते मला बघायचंय. खोटं बोलणाऱ्याशी नाही राहायचं."

मी "बरं" म्हणालो.

रविवारी आलो होतो. ते तुला माहीतच आहे. टांग्यातून उतरल्यावर दत्तोपंतांच्या फाटकापाशी पुष्कळ वेळ उभा होतो. ते बहुधा माहीत नसेल. म्हणून लिहिलं.

आबाजी आहेत तसेच आहेत. काल आळीतले दोघे त्यांना बघायला आले होते. अंबाबाईने सगळीकडे सांगितलंय. मी रस्त्याने जातो तेव्हा माणसं बोलायची थांबतात. ते मला सोसतं. सोसलंच पाहिजे.

हरी


कार्ड. कर्जत, ता. १९ फेब्रुवारी १९४५, सोमवार

प्रमोदिनी,

काल आलो नाही. गाडी चुकली असं लिहून एक कार्ड तयार केलं होतं. ते फाडलं. गाडी चुकली नाही, मी स्टेशनवर गेलोच नव्हतो. सकाळी कपडे काढून ठेवले होते. ते खुर्चीवर होते, मी अंथरुणात होतो आणि बारा वाजले. मग तीन वाजले. दत्तोपंतांच्या फाटकाशी कोण उभं असेल ते मला अंथरुणातून दिसत होतं. तरी उठता आलं नाही.

चिमाला खरं तेच सांग. कसं सांगायचं ते मला सुचत नाही, तुला सुचेल. पुढच्या रविवारचं वचन देत नाही. येता आलं तर येईन.

हे पोस्टाच्या ओटीवर उभा राहून लिहितो आहे.

हरी